रिपोर्टातला आकडा आणि त्यामागचा माणूस

आपल्या प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते. रेशनकार्ड, निकाहनामा, आधारकार्डांच्या झेरॉक्स आणि घड्या पडून जीर्ण झालेले रक्ताचे रिपोर्ट, सगळे त्या एकाच पिशवीत. दवाखान्यात जायची वेळ आली की ती कपाटावरून खाली उतरते. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी रिपोर्ट उघडते आणि जी ओळ ठळक छापलेली असेल तिच्यावर बोट ठेवते. त्या ओळीवरून घरात काळजी सुरू होते.

मी महाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षे रक्त काढते आहे आणि तपासते आहे. या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे, “आपा, लिव्हर खराब झालंय का?” विचारणारा काउंटरवर उभा असतो, मागे रांग असते आणि मी डॉक्टर नाही. म्हणून मी एवढेच म्हणते, “डॉक्टरांना दाखवा.” पण हे उत्तर पुरेसे नाही, हे मला ठाऊक आहे. जे काउंटरवर सांगता येत नाही, ते आज इथे निवांत सांगते.

एसजीपीटी, एसजीओटी, सीपीके, अमायलेज, लायपेज ही सगळी विकरांची नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात आपण ‘विकर’ शिकलो, लॅबमध्ये आम्ही ‘एन्झाइम’ म्हणतो. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी हा एक छोटा कारखाना आहे आणि विकर हे त्या कारखान्यातले कामगार. त्यांचे काम पेशीच्या आत. बाहेर, म्हणजे रक्तात, ते अगदी थोडेच सापडतात, कारण जुन्या पेशी रोज थोड्या थोड्या मरतच असतात. पण एखाद्या अवयवाला मार बसला, पेशींच्या भिंती फुटल्या, की हे कामगार घोळक्याने रक्तात येतात. आम्ही हातातून घेतलेल्या चार-पाच मिलिलिटर रक्तात त्यांना पकडतो.

महाडकरांना हे समजावून सांगायला मी पुराचाच दाखला देते. सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरते तेव्हा वाहत येणाऱ्या वस्तूंवरून कोणाचे दुकान फुटले ते कळते. तांदळाच्या गोणी आल्या की किराणा दुकान, वह्यांचे गठ्ठे आले की स्टेशनरीवाला. पण प्लास्टिकची खुर्ची वाहत आली तर? ती कोणाच्याही घरातली असू शकते. विकरांचेही असेच आहे. एसजीपीटी मुख्यतः यकृतात असते, म्हणून ते वाढले की पहिली शंका लिव्हरवर जाते. एसजीओटी मात्र त्या खुर्चीसारखे आहे. ते यकृतात आहे, हृदयात आहे, हातापायांच्या स्नायूंत आहे आणि रक्ताच्या तांबड्या पेशींतही आहे. सीपीके स्नायूंचे आणि हृदयाचे. लायपेज वाढले की पोटातल्या स्वादुपिंडाकडे पाहावे. अल्कलाइन फॉस्फेटेज पित्ताच्या नळ्यांतून येते तसे हाडांतूनही येते. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ते मोठ्या माणसांपेक्षा जास्त असते आणि ते तसेच असायला हवे. मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा वाचून घाबरलेल्या किती तरी आया मी पाहिल्या आहेत.

म्हणून एका ओळीवरून पत्ता सापडत नाही. तीन-चार ओळी शेजारी शेजारी ठेवल्या तर सापडतो.

हे शास्त्र फार जुने नाही. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, रॉब्लेव्स्की आणि कार्मेन या तिघांनी दाखवून दिले की हृदयविकाराचा झटका आल्यावर रक्तातले एसजीओटी चढते आणि काही दिवसांत उतरते. पुढच्याच वर्षी इटलीतल्या नेपल्समध्ये फर्नांडो दे रितिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काविळीच्या रुग्णांमध्ये ही विकरे मोजली. त्यानंतर जपानमध्ये स्नायूंच्या आजारात सीपीके वाढते हे कळले. कार्मेन यांनी मोजण्याची जी युक्ती काढली, तीच आजही आमच्या टेबलावरच्या यंत्रात आहे. आम्ही कामगार मोजत नाही, त्यांचे काम मोजतो. सिरममध्ये त्या विकराला लागणारा कच्चा माल घालायचा, ३७ अंश तापमान राखायचे आणि ३४० नॅनोमीटरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात ते मिश्रण दर मिनिटाला किती बदलते ते पाहायचे. बदल जितका वेगाने, तितके विकर जास्त. रिपोर्टवर ‘युनिट प्रति लिटर’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ हा.

यंत्र खोटे बोलत नाही, पण यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत पुष्कळ घडते. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून कोणी नमुना घेऊन येते. सुई नीट लागलेली नसते, रक्त जोरात ओढलेले असते, मग नळी खिशात घालून तास-दोन तास एसटीचा प्रवास. नळी यंत्रात फिरवल्यावर वर येणारे पाणी फिकट पिवळे दिसायला हवे, ते गुलाबी दिसते. म्हणजे तांबड्या पेशी वाटेतच फुटल्या. त्यांच्यातले एसजीओटी, एलडीएच आणि पोटॅशियम सिरममध्ये मिसळले. आता या नमुन्यात जो आकडा येईल तो रोग्याच्या शरीराचा नाही, त्या नळीचा आहे. असा नमुना आम्ही परत पाठवतो तेव्हा लोक चिडतात. “एवढ्या लांबून आणलं, ताई, करून टाका ना.” करून टाकले तर चुकीचा आकडा त्या पिशवीत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे घराला घाबरवत राहतो.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांची. आपल्याकडचे तरुण आखातात नोकरीला जातात, त्याआधी मेडिकल होते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाचे असेच मेडिकल बाहेरगावच्या एका केंद्रात झाले. एसजीओटी १४०, एसजीपीटी ७८. तिथे त्याला उभ्या उभ्या सांगितले, “लिव्हर खराब आहे.” व्हिसा हातात, घर बांधायला काढलेले कर्ज डोक्यावर. त्याच्या आईने दोन दिवस काही खाल्ले नाही. मुलगा माझ्याकडे आला. मी विचारले, “गेल्या आठवड्यात काय काय केलंस?” तो म्हणाला, घराचा स्लॅब होता, तीन दिवस सिमेंटच्या गोण्या आणि खडी वाहिली, अंग अजून दुखतेय. मी म्हटले, “हे डॉक्टरांना जाऊन सांग.” डॉक्टरांनी सीपीके करायला लावले. ते दोन हजारांच्या वर आले. म्हणजे जखम स्नायूंना होती. अंगमेहनतीने स्नायूंचे सूक्ष्म धागे तुटतात आणि स्नायूंतले एसजीओटी, थोडे एसजीपीटीसुद्धा, रक्तात येते. पंधरा दिवस विश्रांती घेऊन त्याने पुन्हा रक्त दिले, सगळे आकडे जागेवर आले होते. नव्या रिपोर्टवर तो गेला. जिममध्ये नव्याने जाणारी मुले, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलेले रुग्ण, नुकतेच पडलेले किंवा मार लागलेले लोक, या सर्वांमध्ये सीपीके वाढू शकते. आकडा विचारण्याआधी माणसाला विचारावे लागते.

आता या विद्येची मर्यादा सांगते. तिचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे.

कोकणातला लाल विंचू आपल्या वाडवडिलांना चांगला माहीत होता. भात कापणीत, गवताच्या भाऱ्यात, कौलांच्या घरात तो चावायचा आणि तगडा माणूस रात्रीत जायचा. नानी सांगायची, विंचू उतरवणारा येईपर्यंत माणूस थंडगार पडलेला असे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले. त्यांनी या रुग्णांच्या उशाशी रात्री बसून पाहिले. माणूस वेदनेने मरत नव्हता. विषाने शरीरात असे वादळ उठत होते की हृदय थकून जाई आणि फुप्फुसांत पाणी भरे. त्या वेळी खेड्यात ना ईसीजीची सोय ना हृदयाच्या विकरांची तपासणी. त्यांनी पाहिले ते घामाने भिजलेले अंग, वांती, सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय. या खुणा पुढच्या धोक्याची आगाऊ सूचना आहेत, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या साप्ताहिकात लिहिले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे स्वस्त औषध यावर चालते, हे १९८६ मध्ये त्याच साप्ताहिकातून जगाला कळले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी १०० मधले ३० ते ४० दगावत, ते प्रमाण १ च्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी लॅबवाली असून ही गोष्ट का सांगते? विंचवाच्या विषाने हृदयाला इजा झाली की सीपीके-एमबी हे हृदयाचे विकर रक्तात वाढते, हे खरे आहे. पण ते वाढायला चार ते सहा तास लागतात. विकर ही झालेल्या नुकसानीची खबर आहे. घर पडल्यावर येणारी खबर. विंचू चावलेल्या माणसाचा घाम आणि गार हात ती खबर येण्याच्या आधी बोलतात. म्हणून विंचू चावला तर ‘आधी रक्त तपासू’ म्हणत बसायचे नसते, डॉक्टरांकडे धावायचे असते. छातीत दुखण्याचेही तेच. आता हृदयविकारासाठी ट्रोपोनिन पाहतात. ते विकर नव्हे, हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे आणि त्याचा पत्ता जास्त नेमका आहे. तरीही झटक्याच्या पहिल्या तासाला तपासणी साफ येऊ शकते. म्हणून डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त मागतात. “एकदा घेतलं ना, परत कशाला?” असे म्हणून भांडू नये. पहिला आणि दुसरा आकडा यांतला फरकच खरे उत्तर देतो.

कधी कधी मात्र रक्ताची खबर माणसाच्या आणि घराच्या समजुतीपेक्षा पुढे असते. हे मी माझ्या माहेरी पाहिले.

२२ जुलै २०२१ चा दिवस आमच्या भागात कोणी विसरणार नाही. त्या दिवशी तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. महाड शहर पाण्याखाली गेले. आमची लॅब पाण्यात, यंत्रे चिखलात. पाणी ओसरल्यावर माझा धाकटा भाऊ पोलादपूरहून आला आणि सहा दिवस आमच्या घरातला, दुकानातला आणि शेजारच्या दोन घरांतला चिखल उपसत राहिला. पायात चप्पल टिकत नव्हती, टाचेला पत्रा लागला होता. आरोग्य खात्याची माणसे लेप्टोच्या प्रतिबंधाच्या गोळ्या वाटत होती, तेव्हा तो कुठल्या तरी गच्चीवर कामात होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अम्मीचा फोन आला. भावाला ताप, अंग मोडून आलेले, पोटऱ्या इतक्या दुखतात की संडासापर्यंत चालवत नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. घरात निकाल लागला, कावीळ. मामूंनी जीप ठरवली. एका गावात काविळीचे झाडपाल्याचे औषध देणारे आहेत, तीन दिवस सकाळी अनशापोटी घ्यायचे, तेल-हळद बंद. मामूंचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडची बहुतेक कावीळ हिपॅटायटीस ए किंवा ई या विषाणूंची असते आणि ती बहुतेक वेळा आपोआप उतरते. गरोदर बाईला झालेली ई ची कावीळ मात्र जीवघेणी ठरू शकते, हे जाता जाता सांगून ठेवते. आपोआप उतरलेल्या काविळीचे श्रेय औषधाला मिळते आणि पुढच्या वेळी जीप ठरते.

मी पोलादपूरला पोहोचले, आधी रक्त काढले, बर्फाच्या थर्मासमध्ये नळ्या ठेवल्या आणि माणगावच्या एका लॅबमध्ये गेले. नळी फिरवल्यावर सिरम हळदीसारखे पिवळे निघाले. आकडे असे होते: बिलिरुबिन ९.२, एसजीपीटी ८८, एसजीओटी १६४, सीपीके ३४००, क्रिएटिनिन ३.१, प्लेटलेट ६२ हजार.

विषाणूंच्या काविळीत बिलिरुबिन ९ असताना एसजीपीटी बहुधा हजाराच्या घरात असते, कारण यकृताच्या पेशी फुटत असतात. इथे ते ८८ होते. पेशी फार फुटलेल्या नव्हत्या, तरी डोळे पिवळे होते. फुटत होते ते स्नायू, ज्या पोटऱ्या चार दिवस ओरडून सांगत होत्या. आणि क्रिएटिनिन सांगत होते की किडनीने काम सोडायला सुरुवात केली आहे. क्रिएटिनिन हे विकर नाही. ते स्नायूंतून रोज निघणारा कचरा आहे आणि किडनी तो बाहेर टाकते. तो साठला म्हणजे किडनी थकली. मी महाडच्या डॉक्टरांना फोनवर आकडे वाचून दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “चिखलात होता का?” मग म्हणाले, “लेप्टो समजून चला. इंजेक्शन इथे सुरू करतो, पण आजच मुंबईला हलवा.”

घरी परत आले तेव्हा जीप दारात उभी होती. मामू म्हणाले, “बेटी, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. गुण नाही आला तर नेऊ मुंबईला.” मी म्हटले, “मामू, तुमचं म्हणणं मी कधी टाळलंय का? पण हे काविळीचं दुखणं नाही. हे बघा, लिव्हरचा आकडा थोडासाच वाढलाय, मांसाचा आकडा वीस पटीने वाढलाय, आणि किडनी बंद पडायला लागलीय. आज सकाळपासून त्याला लघवी किती झाली, अम्मीला विचारा.” अम्मी काही बोलली नाही, तिने नुसती मान हलवली. मामूंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी ३४०० वर बोट ठेवले, शेजारी छापलेली मर्यादा पाहिली आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, “गाडी मुंबईला घ्यायची.”

चार वेळा डायलिसिस झाले. लेप्टोची तपासणी नंतर पॉझिटिव्ह आली, पण इलाज तिची वाट पाहत थांबला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात भाऊ घरी आला. अल्लाहचे लाख शुक्र. त्या तीन दिवसांत तो झाडपाल्याचे औषध घेत असता तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

शेवटी, काउंटरवर सांगायच्या राहून जाणाऱ्या काही गोष्टी. आकडा मोठा म्हणजे रोग मोठा, असे नेहमी नसते. वर्षानुवर्षे आक्रसत गेलेल्या लिव्हरचे एसजीपीटी अगदी नॉर्मल येऊ शकते, कारण फुटायला पेशीच उरलेल्या नसतात. म्हणून पोटात पाणी, पायावर सूज, रक्ताची उलटी असेल तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून घरी बसू नका. किडनीचा बिघाड दाखवणारे भरवशाचे विकर रोजच्या तपासणीत नाही, त्यासाठी क्रिएटिनिन आणि लघवी पाहावी लागते. सवलतीचे ‘फुल बॉडी’ पॅकेज घेऊन आलेला एखाद-दुसरा ठळक आकडा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मनाला लावून घेऊ नका. रक्त देताना आठवडाभरात केलेली अंगमेहनत, घेतलेली इंजेक्शने, चालू गोळ्या आणि झाडपाल्याची औषधेसुद्धा न लाजता सांगा. काही जडीबुटी आणि भस्मे स्वतःच लिव्हरला मार देतात. रमजानमध्ये बरेच जण तपासणी ईदनंतरवर ढकलतात. या विकरांच्या तपासणीला उपाशीपोटी असण्याची अट नाही, इफ्तारनंतरही नमुना देता येतो, आणि दुखणे तातडीचे असेल तर तेवढेही थांबू नये. पावसाळ्यात चिखलात उतरावे लागले तर जखम झाकून उतरा आणि आरोग्य केंद्रातून गोळ्या मागून घ्या. त्यानंतर महिनाभरात ताप आणि पोटऱ्यांत कळा आल्या तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा की मी चिखलात होतो.

आणि जुने रिपोर्ट फेकू नका. त्या प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. आजचा आकडा एकटा फार थोडे बोलतो. मागच्या आकड्याशेजारी ठेवला, आणि सोबत माणसाने आपली हकीकत नीट सांगितली, की डॉक्टरांना दुखण्याचा पत्ता लवकर सापडतो.